कापलेल्या तारेचं दुसरं टोक

माझा धाकटा भाऊ विजेच्या तारेने गेला. तो का गेला हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे: थोरल्या भावाने नको म्हटलं असताना त्याने ऐकलं नाही. हे कारण गावाला मीच दिलं. ते खोटं आहे.

एवढी चार वाक्यं तोंडाने बोलायला मला वर्ष लागलं. लिहायला त्याहून थोडं जास्तच.

मी वीज कंपनीत वायरमन होतो. चौतीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली. आता मीरा रोडला, शांती नगरात, दुसऱ्या मजल्यावर राहतो. बायकोच्या मते मी निवृत्त झालोच नाही, फक्त पगार बंद झालाय. बिल्डिंगीत कुणी साधा पंखा बसवायला आला तरी मी जिन्यात उभा असतो. खोट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोक तोंडावर 'अंकल, आप हो तो टेन्शन नहीं' म्हणतात. मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

गाव आमचं भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजोबांच्या वेळी घरचं भात होतं आणि मिठागरातही वाटा होता. मिठागर बंद पडलं, भाताचे चार तुकडे राहिले. मी नोकरीला लागून बाहेर पडलो आणि भाऊ घरी राहिला. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं, आणि त्याचं लग्नही मीच जमवलं. त्यामुळे त्याने काहीही करायचं म्हणजे आधी मला विचारूनच, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तो काही तसं धरून बसला नव्हता.

चाळिशी उलटल्यावर त्याने ड्रोन घेतला. शेतावर औषध फवारायचा. आठवडाभर बाहेरगावी जाऊन शिकून आला, परवाना आणला, आणि मग मला सांगितलं. मी म्हणालो, "या वयात पतंग उडवतोस काय?" तो हसला. मला राग आला होता तो ड्रोनचा नव्हता. मला न विचारल्याचा होता.

पण दुसऱ्याच आठवड्यात तो माझ्या घरी आला, वही घेऊन. म्हणाला, "दादा, आता तारांचं शिकव."

कारण हे यंत्र उघडलं की जेवायच्या टेबलाएवढं होतं, पोटाला दहा लिटरची टाकी, आणि ते उडतं पिकाच्या जेमतेम वर. एवढ्या खालून उडणाऱ्याला आभाळ मोकळं नसतंच. झाड यंत्राला दिसतं, झोपडी दिसते. तार दिसत नाही. तार माणसालाही दिसत नाही, सूर्य समोर असला की नाहीच नाही. मी त्याला सांगितलं, तार शोधत बसू नकोस, खांब शोध. एक खांब दिसला की दुसरा कुठे आहे ते बघितल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. खांब दिसला आणि तार दिसली नाही, तर तार आहेच असं धर.

त्याने हे अक्षरशः पाळलं. कुठल्याही शेतावर गेला की आधी तो आणि त्याची बायको सगळे बांध पायी फिरायची. तिने एक जुनी लाल साडी फाडून चिंध्या केल्या होत्या. जिथे जिथे वरून तार जाते तिथे खाली एक काठी रोवायची आणि तिला चिंधी बांधायची. वसई-पालघरकडचे शेतकरी कंटाळायचे. "भाऊ, पूजा घालताय की फवारणी करताय?" म्हणायचे. हा आपला शांतपणे शेवटची चिंधी बांधून होईपर्यंत बोलायचाच नाही. मी चिडवायचो की सगळ्या महाराष्ट्रात याच्याएवढा भित्रा ड्रोनवाला सापडणार नाही. मला त्याचा अभिमान होता. हे मी त्याला कधी बोललो नाही.

आता त्या लाईनीबद्दल.

आमच्या शेताच्या कडेने मिठागराच्या पंपाकडे जाणारी अकरा हजार व्होल्टची जुनी लाईन आहे. मिठागर बंद झालं तेव्हा ती तोडायचं काम माझ्याकडे आलं. गावाकडच्या खांबावर चढून मी तिचे जंपर काढले. जंपर म्हणजे पुढच्या तारेला मागच्या तारेशी जोडणारा छोटा तुकडा; तो काढला की पुढची लाईन मेली. तेव्हापासून गाव तिला मेलेली लाईन म्हणायचं. खांब खारट चिखलात कलले, तारा लोंबल्या. बायका त्या खांबांना दोरी बांधून गोधड्या वाळत घालायच्या. मीही ती लाईन माझीच असल्यासारखी दाखवायचो, 'ही मी मारली' म्हणून.

मी निवृत्त झाल्यावर खाडीच्या बाजूला कुणी कोळंबीचे तलाव काढले. त्यांना वीज पलीकडच्या बाजूने दिली, आणि ती देताना तीच जुनी तार वापरली. म्हणजे मी जिथे कापली होती त्या खांबापर्यंत ती पुन्हा जिवंत झाली. ऑफिसात रीतसर नोंद होती. मला कुणी सांगायचं काही कारण नव्हतं, मी घरी बसलेला माणूस. पण विचारायचं कारण मला होतं. कापलेल्या तारेला दोन टोकं असतात, दुसरं टोक बघितल्याशिवाय तिला बंद म्हणू नका, हे मी हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवलंय. चुकला तर ओरडलोय.

ऑक्टोबरातला रविवार होता. भात निसवलं होतं आणि तुडतुडे पडले होते. आमच्याकडे विमानतळामुळे ड्रोन उडवायची परवानगी सहजी मिळत नाही, म्हणून त्याचं काम सगळं बाहेरच असायचं. या वेळी ती मिळाली होती, आणि स्वतःच्या शेतावर तो त्या दिवशी पहिल्यांदा उडवणार होता. मला त्याने बोलावलं होतं. मी गेलो नाही. बिल्डिंगीत मीटररूमचं काम काढलं होतं, आणि माझ्याशिवाय ते होणार नाही असं मला वाटत होतं.

त्या इलेक्ट्रिशियनवर मी डाफरतच होतो. "टेस्टर लगाया क्या? बिना टेस्टर के हाथ नहीं लगाने का, समझा?" तो बिचारा हातात टेस्टर घेऊनच उभा होता. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"दादा, मशीन अडकली. मिठागराच्या तारेला. वाऱ्यानं नेली."

"तरी तुला सांगत होतो, हे नसते धंदे करू नको."

"ते ऱ्हाऊ दे. ठिणगी न्हाय उडली. लाईन चालू हाय का बंद, तेवढं सांग."

"बंद हाय. माझ्या हातानं कापलीय ती."

"नक्की ना?"

"कंपनीत चौतीस वर्षं मी काढली का तू? काढ खाली, आणि मला काम करू दे."

तो हसला. "बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला.

ठिणगी उडली नाही, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं होतं. तारेवर पक्षी बसतो, त्याला काही होत नाही, कारण तो एकाच तारेवर असतो आणि जमिनीला टेकलेला नसतो. तसंच ते यंत्र एका तारेला लटकलं होतं. ठिणगी न उडण्याने काहीच सिद्ध होत नाही. हे त्याला माहीत नसेल. मला माहीत होतं. पण माझं लक्ष मीटरच्या पेटीकडे होतं.

त्याने बांधावर रोवलेला एक लांब बांबू उपटला. खाजणातला बांबू, खारं पाणी मुरलेला. त्या बांबूने तो यंत्राला खालून ढकलायला गेला.

पंधरा मिनिटांनी भावजयीचा फोन आला. "दादा, हे पडले. उठत न्हायत." मी काय समजायचं ते समजलो. कुणी जवळ जाऊ नका, बांबूला हात लावू नका, म्हणून ओरडलो, आणि सबस्टेशनला फोन लावला. ड्यूटीवरचा माणूस मला ओळखत होता. म्हणाला, "काका, ती लाईन पलीकडच्या फीडरवर चालू आहे. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही?"

रिक्षात मी त्याला परत फोन लावत राहिलो. भावाला. वाजत होता.

भाईंदरच्या दवाखान्यात त्याला नेलं तेव्हाच सगळं संपलेलं होतं. बाहेरच्या बाकावर भावजय बसली होती. पायाला शेतातला चिखल तसाच. तिने मला विचारलं, "ह्यांनी तुमाला फोन केलेला ना? काय बोलले?"

आणि मी म्हणालो, "मी त्याला सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून."

मी ठरवून बोललो नाही. ही सबब नाही, जे झालं ते सांगतोय. तोंडातून निघालं. निघाल्याबरोबर ते परत घेता आलं असतं, दहा मिनिटांनी घेता आलं असतं, स्मशानातून आल्यावर घेता आलं असतं. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनीही तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. तिथे तर मी नीट विचार करून सांगितलं.

मग गाव बोलायला मोकळं झालं. वायरमनचा भाऊ असून असं? घरात एवढा जाणता माणूस, नको सांगतो, आणि हा बांबू घेऊन धावतो? यंत्राच्या पैशापायी जीव घालवला. बाराव्याला जेवणाच्या पंगतीत मी हे कानाने ऐकलं. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तुझं ऐकलं असतं तर." मी मान हलवली.

त्याने त्या मेलेल्या लाईनीखालीसुद्धा चिंधी बांधली होती. ती मी त्याच दिवशी संध्याकाळी पाहिली. गावात तिला कुणी तार मानत नव्हतं, गोधड्या वाळत घालत होते, आणि त्याने तिथेही काठी रोवली होती. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला मी बेफिकीर ठरवलं.

सगळ्यात वाईट झालं ते माझ्या पुतणीचं. ती तेव्हा बारावीला होती. बापाची लाडकी. सुरुवातीला रडली, मग तिचं रडणं थांबलं आणि ती चिडली. पप्पा हा शब्दच तिने टाकून दिला. कुणी त्याची आठवण काढली की उठून आत जायची. एकदा भावजय म्हणाली, "पप्पांना ही भाजी किती आवडायची," तर ही म्हणाली, "आमच्यापेक्षा ड्रोन जास्त आवडायचा." मी तिथेच पाटावर बसलो होतो. घास गिळला.

आणि माझं मात्र ती सगळं ऐकायला लागली. कुठल्या कॉलेजात जाऊ, मोठे पप्पा? स्कूटी शिकू का, मोठे पप्पा? मी नाही म्हटलं की नाही. बापाने माझं ऐकलं नाही म्हणून तो गेला, हे तिने पक्कं डोक्यात धरलं होतं. दर रविवारी मी गावी जायचो, घरातला एकेक बोर्ड खोलून नवीन करायचो, फ्यूज बदलायचो. भावजय चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "तुमचा केवढा आधार हाय." मी तो चहा संपवून पुढचा बोर्ड खोलायचो. रविवार चुकवावा असं वाटायचं आणि चुकवायचीही हिंमत नव्हती.

असं वर्ष गेलं. पुन्हा ऑक्टोबर आला, पुन्हा तुडतुडे पडले. भावजयीने हिय्या करून पालघरकडच्या एका ड्रोनवाल्याला बोलावलं. भावाच्या ओळखीचा नव्हता. मला म्हणाली, "दादा, तारा तेवढ्या तुम्ही दाखवा त्याला." मी गेलो. पुतणीही बरोबर आली.

ड्रोनवाला तिशीतला, घाईतला. त्याला मी एकेक खांब दाखवत चाललो. मिठागराच्या लाईनीशी आलो तर तो म्हणाला, "काका, ही तर लोंबलेली आहे. बंद ना?"

मी बोलायच्या आत पुतणी बोलली. "चालू आहे ती. माझे वडील तिच्यावरच गेले. मोठ्या पप्पांनी नको सांगितलेलं, तरी गेले. जास्त शहाणपणा."

शेवटचे दोन शब्द तिने सहज टाकले. परक्या माणसासमोर, भाजीचा भाव सांगावा तसे.

ड्रोनवाल्याने मान हलवली. स्वतःच्या मूर्खपणाने मेलेल्या माणसाचं ऐकून कामकरी माणसं जी मान हलवतात ती. मीही आयुष्यात किती जणांबद्दल तशी मान हलवली असेल. या वेळी ती माझ्या भावासाठी हलली. मी बांधावरच बसलो.

"काय झालं, मोठे पप्पा? चक्कर येतेय का?"

मी ड्रोनवाल्याला म्हटलं, "जरा पलीकडे जाऊन थांब." तो गेला. मग मी तिला म्हणालो, "मी त्याला नको म्हटलं नव्हतं."

तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. "त्याने मला फोन करून विचारलं, लाईन चालू आहे का बंद. मी म्हणालो बंद आहे, काढ खाली. मी सांगितलं म्हणून त्याने हात घातला."

मला वाटलं ओरडेल. मारलं असतं तरी मी बसून राहिलो असतो. पण ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "त्यांनी विचारलेलं?"

"हो."

"आधी विचारलं? हात लावायच्या आधी?"

"आधी. दोनदा विचारलं."

"काय बोलले ते सांगा. जसंच्या तसं."

मी सांगितलं. वाऱ्याने नेली म्हणाला ते सांगितलं. ठिणगी न्हाय उडली म्हणाला ते, नक्की ना म्हणाला ते, मी चौतीस वर्षांचा तोरा मिरवला तो, आणि तो हसून बरं म्हणाला ते. वर्षभर रोज मनात म्हटलेलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिने ते सगळं परत एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा 'बरं' आलं तेव्हा ती रडायला लागली. "पप्पा हसले?" एवढंच विचारत होती. वर्षभरानंतर तिच्या तोंडून तो शब्द आला.

मी हात पुढे केला तर तिने झटकला. डोळे पुसून उभी राहिली. "मम्मीला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत्ता." आणि म्हणाली, "आणि तुम्ही मला परत कधी काही शिकवू नका." ती पुढे चालत गेली, मी मागून.

भावजय ओटीवर तांदूळ निवडत होती. मुलीचा चेहरा बघून सूप खाली ठेवलं. मी चपला न काढता पायरीखालीच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फोनचं सांगितलं, दवाखान्याच्या बाकावरचं सांगितलं, पंचनाम्याचं सांगितलं. ती माझं संपल्यावर म्हणाली, "वर्षभर मी त्यांच्याशी भांडतेय, दादा. रोज दिवा लावताना. म्हणते, एवढं तुमच्या भल्याचं सांगणारा भाऊ, त्याचं पण ऐकलं न्हाय, आमाला टाकून गेलात."

मला काही बोलायचं होतं. माफ कर, असं काहीतरी. शब्द तयार होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती उठली, पदराला हात पुसले आणि आत गेली. पुतणी तिच्या मागून गेली. मी तिथेच उन्हात उभा. आत भिंतीवर त्याचा फोटो आहे, तिथून तिचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू येईल असा.

"मना माफ करा," ती त्याला म्हणत होती. "तुम्ही इचारलेलं. मना म्हायीत नव्हतं, तुम्ही इचारलेलं."